उचललेल्यांची यादी

"माझं नाव कुठं आहे यात?"

इलाबाईंनी हे विचारलं तेव्हा माणिकराव आढाव ओसरीत खुर्ची टाकून कौतुकाची वाट पाहत बसले होते. त्यांनी आयुष्यातलं पहिलं पुस्तक लिहिलं होतं. वर्ध्याच्या छापखान्यातून शनिवारी दोनशे प्रती घरी आल्या, रविवारी सकाळी चर्चमध्ये वाटल्या गेल्या, आणि त्यातली पहिली प्रत त्यांनी रीतसर बायकोच्या हाती दिली. जगाने काहीही म्हणो, इलाने एकदा शाबासकी द्यावी, एवढीच त्यांची इच्छा होती. अडतीस वर्षांच्या संसारात इलाबाईंनी त्यांच्या कुठल्याच कामाला चांगलं म्हटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तसं कारणही कधी घडलं नव्हतं.

पुस्तकाचं नाव 'नाचणगावचे महासंकट'. माणिकराव पुलगावच्या एका लहानशा चर्चचे जुने सभासद. जगाच्या अंताच्या इंग्रजी कादंबऱ्या नागपूरहून आणून त्यांनी इतक्या वाचल्या होत्या, की शेवटच्या दिवशी अमेरिकेतल्या कुठल्या शहरातून किती विश्वासू माणसं स्वर्गात उचलली जाणार, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण दर वेळी अंत अमेरिकेतच व्हायचा, हे त्यांना खटके. आमच्या वर्धा जिल्ह्याने काय घोडं मारलंय? म्हणून त्यांनी अंत थेट आपल्या गावात, नाचणगावात आणला. गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आकाशात कर्णा वाजतो, खरे विश्वासू आहेत त्या जागेवरून गायब होतात, मागे राहिलेल्यांवर ख्रिस्तविरोधी सात वर्षं राज्य करतो, आणि त्याचा आकडा कपाळावर गोंदवल्याशिवाय कोणाला रेशनचे तांदूळ मिळत नाहीत.

इथवर सगळं ठीक होतं. पण माणिकराव तीस वर्षं ग्रामसेवक होते. घरकुलाची यादी, शौचालयाची यादी, अतिवृष्टीची यादी करता करता डोक्याचे केस गेले. यादी लागल्याशिवाय जगात काही घडतं, यावर त्यांचा विश्वासच नव्हता. तेव्हा पुस्तकाच्या शेवटी त्यांनी 'परिशिष्ट अ' जोडलं: कर्णा वाजताच उचलण्यात आलेल्या व्यक्तींची यादी. अनुक्रमांक, नाव, वय, वॉर्ड, शेरा. एकूण एक्केचाळीस जण, आणि नावं खरी. यादीत खोटी नावं घातल्याचा आरोप नोकरीत त्यांच्यावर दोनदा झाला होता, दोन्ही वेळा ते सुटले होते, आणि म्हातारपणी तो डाग त्यांना परत नको होता.

"तू यादीत नाई," माणिकराव प्रेमाने म्हणाले, "कारण तू नायिका आहेस. तू मागं राहतेस."

"अन् हा अनुक्रमांक एक कोण आहे?"

माणिकराव छताकडे पाहू लागले.

"माणिक आढाव, वय बासष्ट, वॉर्ड दोन," इलाबाईंनी मोठ्याने वाचलं. "शेरा: नम्र."

"अवं, समजून घे. कोणी मागं राह्यल्याबिगर कादंबरी होत नाई."

"मंग तुम्ही राहाचं होतं! अडतीस वर्षं मी चर्चच्या सतरंज्या धुतल्या, दर नाताळाले शंभर शंभर करंज्या तळल्या, अन् कर्णा वाजला तं तुम्ही वर आणि मी रेशनच्या लायनीत! तेही जाऊ द्या. पान बारा पाहा. 'त्यांचे कपडे ओसरीत पडलेले होते.' वर जातानाही कपडे ओसरीतच टाकून गेले तुम्ही! उचलाले मीच!"

याला शास्त्राधार माणिकरावांपाशी नव्हता. "यादी सुधरल्याबिगर मी बोलणार नाई," असं जाहीर करून इलाबाई आत गेल्या आणि त्यांनी शब्द पाळला. जेवण वेळेवर मिळे, चहाही मिळे, पण घरात आवाज फक्त कुकरचा. माणिकरावांना वाटलं होतं की मौन बायकोला जमणार नाही. बायकोला ते छान जमलं. जमेना ते त्यांनाच.

सोमवारी सकाळपासून वाचकांच्या प्रतिक्रिया यायला लागल्या. लेखकाला प्रतिक्रियांची भूक असते म्हणतात. माणिकरावांची दुपारी बारापर्यंत भागली. कादंबरी कोणीच वाचली नव्हती. यादी सगळ्यांनी वाचली होती.

पहिली आली नलू. चर्चमध्ये गाणी सांगायचं काम तिचं.

"माणिकभाऊ, मी कोणत्या पापात सापडली जी तुम्हाले? मी खाली, अन् जिजाबाई सात नंबरवर! शेरा काय तर म्हणे प्रार्थनाशील! अहो, डोळे मिटून बसते ते झोपलेली असते ती!"

ती जाते न जाते तोच काठी टेकत जिजाबाई आल्या. "माझं वय चौऱ्याहत्तर लिहिलं तुम्ही. आधार कार्डावर एकाहत्तर आहे. स्वर्गात काय चुकीच्या वयानं जाऊ का मी?"

संध्याकाळी पाळक सुमीत आले. तरुण, शांत माणूस. नगरकडून गेल्याच वर्षी बदलून आलेले.

"काका, भाषा सुरेख आहे. मी यादीत नाही, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त पान एकोणचाळीसवर एक पाळक मागे राहतो आणि रिकाम्या चर्चमध्ये रडत बसतो. तो कोण?"

"काल्पनिक आहे, पाळकसाहेब."

"त्याच्याकडे लाल स्कूटर आहे."

"बऱ्याच पाळकांकडे असते."

"तिचा नंबरही माझ्याच स्कूटरचा आहे, काका."

एवढ्यावर भागलं असतं तर चर्चपुरतं भागलं असतं. पण मंगळवारी कोणीतरी परिशिष्टाचा फोटो काढून गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. फोटो यादीचा, पुस्तकाचं मुखपृष्ठ गायब. योजना कोणती, अनुदान कसलं, हे एकाही शहाण्याने विचारलं नाही. यादी लागली आहे आणि तीत आपलं नाव नाही, एवढी माहिती लोकांना पुरेशी होती. अर्ध्या तासात गिरणीवाले भैय्याजी दहा माणसं घेऊन दारात हजर. भैय्याजी दोन निवडणुका पडले होते आणि तिसऱ्या पराभवाची जोरात तयारी करत होते.

"माणिकराव, वॉर्ड तीनमधून एकही नाव नाई! हा अन्याय आमी सहन करणार नाई!"

"भैय्याजी, हे स्वर्गात जाण्याबद्दल आहे."

"मंग आमी कुठं नाई म्हणून राह्यलो? ज्याले जायचं त्याले जाऊ द्या. पण कोटा बरोबर पायजे."

"पण तुम्ही तर हिंदू."

"यादीत जातधर्म पाह्यता का तुम्ही? रिटायर झाले तं कायदाही विसरले!"

दहाच्या दहा माणसांनी माना डोलावल्या. तेवढ्यात कुंपणावरून शेजारचे तानबा सर डोकावले. सर विज्ञानाचे शिक्षक, बौद्ध, पुराव्याशिवाय उद्या बुधवार आहे हेही न मानणारे. माणिकरावांना वाटलं, चला, एक तरी समजूतदार माणूस आला.

"सर, तुम्हीच सांगा यांना. स्वर्गात उचलून नेणं वगैरे तुम्हाले पटते का?"

"अजिबात नाई पटत. पण माझं नाव काऊन नाई?"

"पटत नाई तं नाव कशाले?"

"जायचं का नाई ते मी ठरवीन. तुम्ही परस्पर कसं काय वगळता? पस्तीस वर्षांचा शेजार आहे आपला. तुमच्या न्हाणीत साप निघाला तवा काठी घेऊन कोण आलतं? कर्णा वाजवणारा आलता का?"

इलाबाईंनी सगळ्यांना चहा दिला. माणिकरावांचा कप त्यांनी लांब उंबऱ्यावर ठेवला आणि त्यांच्याकडे न बघता आत गेल्या. माणिकराव उठून उंबऱ्यापाशी गेले आणि उभ्यानेच तो चहा प्यायले. या बाईने आपल्याशी बोलावं म्हणून ते आता वाटेल ते करायला तयार होते, आणि वाटेल ते म्हणजे त्यांना फक्त एकच गोष्ट येत होती. त्यांनी कागद घेतला आणि सूचना लिहिली: 'परिशिष्ट अ ही प्रारूप यादी असून तिच्यावर हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत.' नियमाने मुदत सात दिवसांची द्यायला हवी होती. पण घरातलं मौन आणखी सात दिवस सोसवलं नसतं, म्हणून त्यांनी सुनावणी गुरुवारी अंगणातच ठेवली.

गुरुवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पाळकसाहेबांनी अशा प्रकाराला चर्चचा हॉल द्यायला ठाम नकार दिला होता, आणि नंबर लागावा म्हणून सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. माणिकराव टेबलामागे कडक चेहरा करून बसले.

"विश्वासाचा पुरावा काय आणला?"

लोकांनी आधार कार्ड आणलं होतं, रेशन कार्ड आणलं होतं, रहिवासी दाखला आणला होता. एकाने बापाच्या मृत्यूचा दाखला पुढे सरकवला. "बाप पह्यलेच वर आहे जी. वारस म्हणून मले घ्या."

प्रकरण कायद्याला धरून होतं. माणिकरावांनी 'मंजूर' लिहिलं. नाही म्हणायची ताकद त्यांच्यात नोकरीतही नव्हती, आता कुठून येणार? चार वाजेपर्यंत दोनशे त्रेसष्ट माणसं स्वर्गात गेली. जिजाबाई एकाहत्तर वर्षांच्या झाल्या. वॉर्ड तीन ओळीने वर चढला. अनुक्रमांक एकवर माणिकरावांनी इला आढाव हे नाव घातलं आणि शेऱ्याच्या रकान्यात पंधरा मिनिटं विचार करून 'सर्वार्थाने पात्र' असं लिहिलं. सगळेच वर गेल्यावर महासंकट सोसायला कोणी तरी हवंच. तेव्हा यादीखाली त्यांनी नोंद केली, 'मागे राहिलेले: एक. माणिक आढाव.' मग यादी कुंपणाच्या भिंतीवर चिकटवली आणि बाजूला उभे राहिले.

इलाबाई बाहेर आल्या, चष्मा लावून त्यांनी स्वतःचं नाव वाचलं, शेरा वाचला, खालची नोंद वाचली आणि एक शब्द न बोलता परत आत गेल्या. माणिकराव खचले. आता यापेक्षा खाली ते कुठे जाणार होते?

शुक्रवारी पहिली नलूच आली.

"भाऊ, माझ्या बाजूले जिजाबाई आहे."

"वर्णानुक्रमे काही नाही, अर्ज आले तसे लावले."

"किती दिवस राहाचं असते वर?"

"अनंतकाळ."

"म्हणजे किती वर्षं जी?"

"त्याला शेवट नाही, नलू."

"मंग कमी करा माझं नाव. खाली तो ख्रिस्तविरोधी राज्य करो नाईतर कोणी करो, तो तरी गाण्यात चुका काढणार नाई."

जिजाबाईंचा निरोप अर्ध्या तासाने आला. कारण तेच, फक्त नाव उलटं. दुपारी भैय्याजींनी यादी प्रथमच शेवटपर्यंत वाचली आणि हर्षाने गिरणी उघडी टाकून ते धावत आले. अख्खं गाव वर गेलं तर विरोधात उभं राहायला माणूसच उरत नाही! "मी खालीच राह्यतो, माणिकराव. बिनविरोध!" ही बातमी गावात पसरायला दहा मिनिटं लागली. भैय्याजी बिनविरोध निवडून येणार म्हटल्यावर वॉर्ड तीन चवताळला आणि शनिवारी सकाळपर्यंत सगळा वॉर्ड मतदानासाठी स्वर्गातून खाली उतरला. बापाचा वारसही बापाला वरच सोडून आला.

तानबा सर कुंपणापाशी आले. "माझं नाव काढा. परवा हक्क मिळाला, आज मी नकार देऊन राह्यलो. यालेच स्वातंत्र्य म्हणतात." पाळकसाहेबांनी तर लेखी कळवलं, की मंडळीच खाली असेल तर पाळकाने एकट्याने वर जाऊन प्रवचन कोणापुढे करायचं. पान एकोणचाळीसबद्दलची हरकतही त्यांनी मागे घेतली, स्कूटरचा नंबर बदलण्याच्या अटीवर.

बाकीचेही एकेक करून उतरले आणि शनिवारी दुपारी चारला अंतिम यादीत एकच नाव उरलं. इला आढाव, सर्वार्थाने पात्र. माणिकराव ओसरीत त्या यादीकडे पाहत बसले होते, इतक्यात इलाबाई बाहेर आल्या. काखेत पुस्तक, हातात वहीचा फाडलेला कागद.

"हा घ्या अर्ज," त्या म्हणाल्या. सहा दिवसांतले पहिले शब्द.

माणिकरावांनी अर्ज उघडला. 'विषय: उचललेल्यांच्या यादीतून नाव कमी करण्याबाबत.' त्यांचे डोळे भरून आले.

"इला," ते कसेबसे म्हणाले, "मले एकट्याले खाली सोडून तुले जावत नाई ना?"

"पुरा वाचा."

त्यांनी पुरा वाचला. 'तसेच श्री. माणिक आढाव यांचे नाव पूर्वीप्रमाणे अनुक्रमांक एकवर घेण्यात यावे, ही विनंती.'

"म्हणजे?"

"पुस्तक वाचलं मी. तुमची सुनावणी चालू होती ना, तवापासून तेच करून राह्यली होती. काल शेवटलं पान झालं." इलाबाई समोरच्या पायरीवर बसल्या. "लय चांगलं लिहिलं जी. खरंच सांगते. माह्या मनात नव्हतं, तुम्हाले असं लिहिता येत असन."

अडतीस वर्षं वाट पाहिलेली गोष्ट अशी अचानक पायरीवर येऊन बसली होती.

"ती बाई! नवरा वर गेल्यावर काय काय करते ती!" इलाबाईंचा चेहरा उजळला होता. "स्कूटर शिकते. चर्चची चावी आपल्या हाती घेते. पंधरा माणसं घरात लपवते, ख्रिस्तविरोध्याच्या माणसाले दारातून हाकलून लावते. सात वर्षं तिले कोणी विचारत नाई, की माहा चष्मा कुठं आहे, माही गोळी कुठं ठेवली. वाचता वाचता रडू आलं मले. हे मी आहे, हे तुम्हाले कसं कळलं जी?"

"कळलं," माणिकराव पुटपुटले. "मग आधीची यादीच कायम ठेवू?"

"ठेवा. मी खाली, तुम्ही वर. कशालाच हात लावू नका. फक्त एक हरकत आहे माही."

"बोल ना, इला. वाटेल ते बदलतो."

"शेवटल्या धड्यात प्रभूसोबत वर गेलेले सगळे परत येतात. त्यात तुम्हीही येता, अन् आल्याबरोबर चहा मागता."

"हो," माणिकराव गहिवरून म्हणाले. "तो फार हृद्य प्रसंग आहे."

"तेवढा काढून टाका," इलाबाई म्हणाल्या.