इकेबानाला जाते म्हणून

"मी डोंगरावर मेले, तर तुम्हाला फोन आलेला चालेल का?"

हा प्रश्न मला टोकियोतल्या तोयोसूच्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये विचारला गेला, तोही सकाळी सव्वाआठला, ऑफिसला निघताना. विचारणाऱ्या बाईंच्या हातात कचऱ्याची पिशवी होती. अठराव्या मजल्यावरच्या वसुधाताई. तोवर आमची ओळख 'आज प्लास्टिक की काच?' एवढीच. मी गडबडून "हो" म्हणाले.

"छान. नावाचं स्पेलिंग सांगा."

मग कळलं ते असं. जपानात हिवाळ्यात डोंगर चढायचा तर पायथ्याशी एक फॉर्म भरून द्यावा लागतो. वाट कुठली, खाली किती वाजता येणार, आणि नाही आलात तर कुणाला कळवायचं. वसुधाताई एकट्या जायच्या, पायाला स्नोशू बांधून. त्यांच्या भाषेत 'सुपं'. "सुपाएवढा पसरट पाय झाला की माणूस बर्फात रुतत नाही," एवढं त्यांचं शास्त्र.

"पण फॉर्मवर तुमच्या मिस्टरांचं नाव का नाही?" मी विचारलं.

"ह्यांना वाटतं, मी शनिवारी इकेबानाला जाते."

इकेबाना म्हणजे फुलं रचायचा क्लास. खरी गोष्ट अशी की पाच वर्षांपूर्वी वसुधाताई निक्कोला गोठलेल्या पायरीवरून घसरल्या आणि मनगट मोडलं. त्यांचे मिस्टर अनंतराव बँकेत, स्वभावाने अबोल. ते दोन दिवस हॉस्पिटलच्या बाकावर चहासुद्धा न घेता बसून राहिले. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "आता बर्फ नको." उभ्या संसारात ह्या माणसाने मागितलेली ती एकच गोष्ट. वसुधाताईंनी शब्द दिला, तीन हिवाळे पाळला, आणि चौथ्या हिवाळ्यात इकेबानाला नाव घातलं.

लिफ्टमधल्या त्या सकाळपासून त्यांची सुपं माझ्या चपलांच्या कपाटात राहायला आली. शनिवारी पहाटे साडेपाचला बेल वाजायची. दारात वसुधाताई, हातात फुलं नेण्याची लांबट पिशवी. सुपं त्या पिशवीत बरोब्बर मावायची. "क्लासची पिशवी मुद्दाम मापाने घेतली गं," त्या अभिमानाने सांगायच्या. एकदा माझ्या नवऱ्याने झोपेत दार उघडलं आणि नेमाने फुलं शिकायला जाणाऱ्या ह्या बाईंबद्दल त्याला इतका आदर वाटला, की मला आठवडाभर टोमणे ऐकावे लागले.

सांगलीच्या शाळेत त्यांनी वीस वर्षं गणित शिकवलं होतं. त्यामुळे चढ चढायच्या त्या पाढ्यांवर. पावलागणिक एक आकडा, मोठ्याने. "एकोणतिसाला दम लागतो. तो लहानपणापासूनच लागतो, त्यात डोंगराचा दोष नाही." तिथे त्या थांबायच्या आणि जाकिटाच्या आत पोटाशी बांधलेलं थालीपीठ काढायच्या. पाठपिशवीत ठेवलं तर त्याचा दगड होतो, हा अनुभव. चढायला सुरुवात करण्याआधी डोंगराला विचारायचं, "अहो, येऊ का?"

"डोंगराला अहो?"

"हे लोक डोंगराला 'सान' म्हणतात की नाही? मग मी अरेतुरे कसं करू?"

'सान' डोंगरामागे लागलं की नुसतं 'पर्वत' आणि माणसामागे लागलं की 'जी', हे मी त्यांना समजावून पाहिलं. त्यांनी एका शिक्षिकेच्या दयाळूपणाने ऐकून घेतलं आणि 'अहो' चालूच ठेवलं.

खाली पोचल्या की चारच्या सुमाराला माझ्या फोनवर एक शब्द यायचा, 'उतरले'. आणि सोमवारी लिफ्टमध्ये सगळा डोंगर. कुठल्या झाडाला बर्फाची झालर होती, सशाची पावलं कुठपर्यंत होती, माथ्यावरून फुजी दिसला की तोंड फिरवून बसला होता. तळमजला यायचा, तरी त्या 'दार उघडं ठेव'चं बटण दाबून बोलत राहायच्या. मागची माणसं जपानी सभ्यतेने छताकडे बघत उभी.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी चार वाजले, सव्वाचार झाले, शब्द आला नाही. फोन लावला तर बंद. पाच वाजले. खिडकीबाहेर खाडीवर अंधारून आलं. पोलिसांना कळवायचं तर आधी अनंतरावांना सांगायला हवं. अठराव्या मजल्यावर जाईपर्यंत मी तीन वाक्यं जुळवली आणि बेल दाबताना तिन्ही विसरले.

अनंतरावांनी दार उघडलं. अंगात बाहेरचा कोट, हातात घडी पडलेला कागद.

"काका, वसुधाताई इकेबानाला..."

"सव्वाचारची बस चुकली असेल," ते म्हणाले. "पुढची सव्वासहाला आहे. या, आत या."

तो कागद म्हणजे गुन्मा प्रांतातल्या, वसुधाताई त्या दिवशी गेलेल्या डोंगराच्या बसचं वेळापत्रक होतं. टेबलावरच्या लॅपटॉपवर त्याच डोंगराचं हवामान दिसत होतं, दर तासाचा वारा आणि बर्फ.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच शनिवारी घरी आली, तेव्हा नाक भाजलेलं आणि डोळ्यांभोवती गॉगलचे पांढरे वळ. फुलं लावताना असं होत नाही. आणि आदल्या रात्री ती ह्याच लॅपटॉपवर डोंगराचा नकाशा बघते."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला. "तीन हिवाळे ती त्या खिडकीशी बसायची. मी नको म्हटलं म्हणून. मग त्या दिवशी भाकरी थापताना गुणगुणायला लागली. विचारलं असतं तर शब्द मोडल्याचं तिला लागलं असतं, आणि गेली नसती." त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं, "आत्तापर्यंत वारा फार नव्हता. साडेपाचपर्यंत थांबू. नाहीतर मी फोन करतो पोलिसांना. नंबर काढून ठेवलाय."

आम्ही दोघं त्या पडद्याकडे बघत बसलो. पाच वाजून वीस मिनिटांनी त्यांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. त्यांनी स्पीकरवर घेतला.

"अहो..." वसुधाताईंचा आवाज. "मी बस स्टॉपवरच्या सार्वजनिक फोनवरून बोलतेय. माझा फोन थंडीने बंद पडला. पाठ फक्त तुमचाच नंबर आहे." मग एक मोठा श्वास. "अहो, मी इकेबानाला नाहीये."

"माहीत आहे. हातपाय ठीक आहेत ना?"

 पलीकडे त्या रडल्या, आणि रडता रडताच सांगू लागल्या. धुकं आलं, पाऊलखुणा बुजल्या, झाडांना बांधलेल्या लाल फिती शोधत परत यायला वेळ लागला. "मी शब्द मोडला हो."

"ते राहू दे. वर पोचलीस का?"

"काय?"

"माथ्यावर. पोचलीस का?"

"पोचले," त्या अगदी हळू म्हणाल्या. "दोन्ही माथ्यांवर. अहो, पहिल्यावर सगळं पांढरं होतं, आणि दुसऱ्यावर एकदम ढग फाटले आणि खाली ते तळं..."

तेवढ्यात फोनमधलं नाणं संपलं आणि आवाज तुटला.

 अनंतराव उठले, कोटाची बटणं लावली, मफलर गळ्यात घातला आणि आणखी एक जाड मफलर हातात घेतला.

"तिकडच्या रेल्वे स्टेशनवर तिची बस सव्वासातला पोचते," ते बूट चढवत मला म्हणाले. "मी निघतो. तळ्याचं पुढे काय झालं ते विचारायचं राहिलं."