सात दारे आणि राहिलेला समुद्र

पणजोबा गाड्यांची चाके करीत, आजोबा पेट्या करीत आणि वडील दारे-खिडक्या करीत. तिघांच्याही हाताला लोक नावाजत, आणि तिघांच्याही वेळेला हात जोडत. पणजोबांचे एक चाक इतके निर्दोष झाले की ते गाडीला लागेपर्यंत गाडीचा मालक घराबाहेर पडायच्या वयाचा उरला नव्हता. आजोबांच्या एका पेटीचे झाकण इतके नेमके बसले की ते पुन्हा उघडले नाही. आत काय होते यावरून नात्यातल्या दोन घरांत अजून बोलणे नाही. या घराण्याचा नियम एकच: काम पुरते झाल्याशिवाय वापरायचे नाही. आणि काम पुरते झाले की नाही, हे ठरवण्याचा अधिकार वापरणाऱ्याला कधीच नव्हता.

चौथ्या पिढीने रंधा हातात धरला नाही. या पिढीचा एकुलता एक मुलगा वजनमापे खात्यात निरीक्षक झाला, चौतीस वर्षे दुकानदारांचे तराजू उलटसुलट करून त्याने पाहिले आणि मानाने निवृत्त झाला. निवृत्तीनंतरही घरात आणि गल्लीत ते निरीक्षकच राहिले. स्वतः काही करून पाहण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, आणि दुसऱ्याने केलेल्यात खोट काढण्याची संधी त्यांनी कधी दवडली नव्हती.

घराशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांची घरगाडी उभी होती. मुळात ती फिरत्या वाचनालयाची गाडी. वाचनालय बंद पडले तेव्हा वडिलांनी ती घेतली, पुस्तकांच्या फळ्या काढल्या आणि आत दोन पलंग, एक शेगडी, हात धुण्याचे भांडे आणि सात कपाटे बसवली. हा सगळा खटाटोप एका शब्दासाठी होता. "तुला समुद्र दाखवीन," असे त्यांनी लग्न झाल्या झाल्या आईला कबूल केले होते. पंचवीस वर्षे दुकानातून सवड झाली नाही, तेव्हा घरच चाकांवर घालून न्यायचे त्यांनी ठरवले. सातवे कपाट पुरे झाले आणि त्याच आठवड्यात वडील गेले. त्या गोष्टीला आता एकतीस वर्षे झाली.

आईने त्यानंतरही समुद्र पाहिला नाही. भाच्यांनी बोलावले, शेजारणींच्या सहली निघाल्या, सून तर दोनदा तिकिटे काढून आली. आईचे उत्तर ठरलेले असे. "ज्यांनी कबूल केलं त्यांच्या गाडीतून जाईन. नाहीतर मला समुद्राचं काही अडलेलं नाही." समुद्राचेही आईवाचून काही अडले नसावे, पण हे तिच्या तोंडावर सांगण्याची छाती घरात कोणाची नव्हती. ती मात्र दर उन्हाळ्यात शेडमध्ये जाऊन गाडीच्या पायरीवर थोडा वेळ बसत असे आणि विचारले की गुडघ्यांना तिथे बरे वाटते असे सांगत असे.

निरीक्षक दर रविवारी गाडी चालू करीत, दहा फूट पुढे घेत आणि दहा फूट मागे. वर्षातून एकदा मेकॅनिककडून तिची नाडी बघून घेत. पत्नीने एकदा हिशेब केला, तेव्हा गाडी एकूण जवळजवळ दहा किलोमीटर चालली होती आणि जागेवरून हलली नव्हती. "कधीतरी फाटकाबाहेर काढा," असे त्या म्हणत. निरीक्षक म्हणत, अजून डावा आरसा जरा थरथरतो.

मग एका सोमवारी परिवहन कार्यालयाचे पत्र आले. गाडीचे वय झाले होते. येत्या रविवारनंतर तिला रस्त्यावर आणता येणार नव्हते. पुढे भंगारवाला. आईने पत्र दोनदा वाचले, घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवले आणि शनिवारी निघायचे असे जाहीर केले. त्याच संध्याकाळी तिची पिशवी भरून दाराशी येऊन बसली. चार दिवस सगळे त्या पिशवीला ओलांडून ये-जा करीत होते.

आता खरे तर टाकीत डिझेल भरण्यापलीकडे काम नव्हते. पण पत्नी सामान लावायला गाडीत चढल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. सातही कपाटांना गडद तपकिरी वॉर्निश होते, त्यावर पिवळ्या पडलेल्या पितळी मुठी.

"अहो, इथे बसलं की दातांच्या दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या. "एक हात पांढरा मारून घेऊ या. दोन दिवसांचं तर काम."

त्यांना एक हात अभिप्रेत होता. परंतु त्यांनी हे वाक्य कोणत्या घराण्यात उच्चारले, याचा त्यांना क्षणभर विसर पडला. निरीक्षकांच्या डोळ्यांत तीन पिढ्या चमकल्या. गाडीचा हा पहिला आणि शेवटचा प्रवास. कपाटे तशीच कशी न्यायची? रंग मारायचा तर दारे उतरवून, घासून, प्रायमर लावून, तीन हात देऊन, नव्या मुठी बसवून. रंगाच्या दुकानदाराने पांढऱ्याच्या एकोणीस छटा दाखवल्या. निरीक्षकांनी एकोणिसावी घेतली आणि डबा मापात भरला आहे का तेही तपासले.

मंगळवारी सातही दारे उतरली. दारे दिसायला सारखी, पण गाडीच्या छताला बाक असल्याने वडिलांनी प्रत्येक दार वेगळ्या मापाने घडवले होते. फरक कुठे एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा, तर कुठे त्याहून कमी. दारांची अदलाबदल होऊ नये म्हणून निरीक्षकांनी प्रत्येकावर खडूने ठळक आकडा घातला. दाराच्या पाठीला हिरव्या बनातीचे अस्तर चिकटवलेले होते, म्हणून आकडा दर्शनी बाजूला घातला. आणि बुधवारी, हातात पॉलिश पेपर घेऊन, त्याच दर्शनी बाजू त्यांनी सकाळपासून दुपारपर्यंत अत्यंत कसोशीने घासल्या.

पत्नी चहा घेऊन आल्या तेव्हा सात गुळगुळीत दारे भिंतीला टेकून उभी होती.

"किती छान झाली हो. यातलं पहिलं कुठलं?"

निरीक्षकांनी चहा घेतला नाही.

गुरुवारी पहिला आणि दुसरा हात झाला. दारे कोरडी होताच एकेक दार एकेका कपाटाला लावून पाहण्याचे काम सुरू झाले. जे वर बसे ते खाली अडे, जे खाली बसे त्याची बिजागरी जुन्या भोकांना भेटायला तयार नसे. शेवटी निरीक्षकांनी एक दार पाचव्या कपाटाचे म्हणून नक्की केले आणि किंचित अडत होते म्हणून माळ्यावरून वडिलांचा रंधा काढून घराण्याच्या परंपरेत प्रथमच पाऊल टाकले. दार पाचव्यात सुरेख बसले. मग कळले की ते दुसऱ्या कपाटाचे होते. दुसऱ्यात घालावे तर आता बोट जाईल एवढी फट. त्या फटीला पट्टी लावली, ती पट्टी जाड झाली, तिला तासताना ओला रंग उखडला, त्यावर तिसरा हात दिला आणि त्या हाताने दार फुगले. शुक्रवारी दुपारपर्यंत सातांपैकी एक दार बसले होते आणि तेही उलटे.

एवढ्या वेळात आई तीनदा शेडच्या दाराशी आली आणि परत गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा तिने दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि आत आपल्या खोलीत नेली. पत्नींनी ते पाहिले आणि धावत शेड गाठली.

"पिशवी आत गेली," त्या म्हणाल्या.

निरीक्षकांनी रंधा खाली ठेवला. घाम पुसण्याच्या नादात त्यांच्या कपाळावर एकोणिसाव्या छटेचा पट्टा उमटला. ते आईच्या खोलीत गेले आणि सगळे सांगून टाकले: खडू, पॉलिश पेपर, पाचवे, दुसरे, पट्टी. उद्या निघणे कठीण दिसते, इथपर्यंत येऊन ते थांबले.

आई खिडकीबाहेर बघत होती. "चुकलास खरा," ती शांतपणे म्हणाली. "पण अस्तर काढून बघितलंस का? तुझे वडील लिहिल्याशिवाय खिळासुद्धा मारत नसत."

तिघेही शेडमध्ये गेले. निरीक्षकांनी हाताशी आलेल्या दाराची बनात सोलली. खाली वडिलांचे पेन्सिलीतले अक्षर होते, एकतीस वर्षे उजेड न लागल्याने काल लिहिल्यासारखे.

"कपाट चौथे," निरीक्षकांनी वाचले, आणि आनंदाने त्यांचा आवाज चिरकला. आकडे सापडले होते. मग ते पुढचे वाचू लागले आणि आवाज आपोआप खाली आला. "पुरे झाले. येत्या रविवारी तिला समुद्र." ही ओळ खोडली होती. शेजारी लहान अक्षरात: "वरचा कोपरा अर्धे सूत बाहेर. तिला सांगितले, दुकानात घाईचे काम आले."

"पुढचं काढ," आई म्हणाली.

पहिल्या कपाटाच्या दारावर रविवार होता, तोही खोडलेला. बिजागरी वाजत होती, तिला सांगितले टायर बसला. तिसऱ्यावर रविवार होता. मूठ तिरपी, तिला सांगितले पुलाचे काम चालू आहे. निरीक्षक मध्येच थांबले, तशी आईने नुसती मान हलवली आणि त्यांना वाचावे लागले. सहावे दार वाचून झाल्यावर आईने ते स्वतः भिंतीला टेकवून ठेवले.

"टायर बसला होता म्हणाले, तेव्हा मी त्यांना लिंबूपाणी नेऊन दिलं होतं," आई म्हणाली. "बिचारे दमले असतील म्हणून."

सातव्या दारावरची ओळ खोडलेली नव्हती. "कपाट सातवे. पुरे झाले. सगळी दारे बरोबर. आता कारण उरले नाही. रविवारी तिला समुद्र, नक्की." खाली तारीख होती, आणि तो रविवार उजाडण्याआधीच्या गुरुवारी वडील गेले होते.

आईने त्या ओळीवरून एकदा बोट फिरवले. बोटाला किंचित पेन्सिल लागली; तिने ती पुसली नाही.

निरीक्षक खिशातली पेन्सिल काढून म्हणाले, "आई, आता आकडे मिळालेत. थोडं तासायचं, बिजागऱ्या जुळवायच्या. फार तर मंगळवार. भंगारवाल्याला मी थांबवतो, कार्यालयात माझी ओळख आहे, एखादी मुदत—"

"हातातली पेन्सिल खाली ठेव," आई म्हणाली.

त्यांनी ठेवली.

"तुझ्या वडिलांना सात दारं लागली आणि मला एकही रविवार मिळाला नाही. तू आणखी दार लावायचं नाहीस. उद्या सकाळी सहाला निघायचं."

"दारांशिवाय? अगं, पहिल्या वळणालाच सगळं सामान अंगावर येईल."

"येऊ दे. बसल्या बसल्या झेलीन."

शनिवारी सहाला गाडी फाटकाबाहेर पडली. कपाटांच्या उघड्या तोंडांवर पत्नींनी जुन्या चादरी ताणून बांधल्या होत्या, पण चादरींनी पहिल्या वळणालाच हार मानली. आई मागच्या पलंगावर ताठ बसली होती. डावीकडच्या वळणाला तिच्या मांडीत पातेले आले, उजवीकडच्याला त्याचे झाकण. घाटात टॉवेल, साखरेचा डबा आणि बिस्किटांचा पुडा आला. तिने पुडा फोडून दोन बिस्किटे पुढे पाठवली. आरशात पाहून निरीक्षक दर वेळी "लागलं का?" विचारीत, आणि आई दर वेळी "रस्त्याकडे बघ" म्हणे. डावा आरसा थरथरत होता. कोणी त्याचा उल्लेख केला नाही.

दुपारी बाराच्या सुमारास रस्ता संपला आणि पुढे नुसते पाणी होते. पत्नींनी सासूबाईंना हात देऊन उतरवले. आई वाळूच्या कडेला उभी राहिली. ती लाटांकडे एकटक बघत राहिली, आणि निरीक्षकांना वाटले, साठ वर्षे वाट पाहून समुद्र तिला कमी पडला की काय.

"एवढा आवाज करतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं," आई म्हणाली.

मग ती गाडीच्या पायरीवर बसली आणि सातवे दार मागितले. ते एकच दार निरीक्षकांनी न सांगता बरोबर घेतले होते. का, हे त्यांना नीटसे सांगता आले नसते. तिने ते मांडीवर उपडे ठेवले, त्यावर चहाचा कप ठेवला, चहा सावकाश संपवला, कप बाजूला केला आणि हात पुढे केला.

"पेन्सिल."

पेन्सिल निरीक्षकांच्या कानावर होती. ती तिथे कधीपासून होती, त्यांनाही माहीत नव्हते.

वडिलांच्या न खोडलेल्या ओळीखाली आईने त्या दिवसाची तारीख घातली आणि मोठ्या अक्षरात लिहिले: "समुद्र भरून पावले. काही बाकी नाही." खाली सही केली. ओळ बरीच तिरपी गेली होती, शेवटी तर सुतापेक्षाही जास्त. निरीक्षकांनी ती पाहिली. चौतीस वर्षांच्या नोकरीत आणि साठ वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी ती होती तशी मंजूर केली.