यादीतले अनार

सकाळीच नागसेनने रिकाम्या शेतात फक्कीची रेघ मारली आणि रेघेच्या अलीकडे बायकोसाठी खुर्ची मांडून पाहिली. वरवट बकालच्या वेशीबाहेर आज दिवेलागणीला आतिशबाजी व्हायची होती. प्रेक्षक एक, पाण्याच्या बादल्या चार, ओली पोती दोन, वाळू घमेलंभर. बत्तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलेला लाइनमन तो. ताकही फुंकून प्यायचा, आणि त्याआधी भांड्याला हात लावून बघायचा.

चाळीस वर्षांपूर्वी त्याच्या वरातीतले फटाके सगळे सादळलेले निघाले होते. नव्या नवरीच्या, धम्मशीलेच्या, कानात तेव्हा तो म्हणाला होता, "एक दिवस तुयासाठी आभायभर उजेड करीन." पुढे दर सणाला गावात उजेड आणि हा खांबावर, असंच चाललं. आज लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी वचन तसंच राहिलेलं. डोळे मिटले की त्याला दिसायचं: अनार फुलतंय, आणि त्या सोनेरी उजेडात धम्मशीला ओठांवर पदर धरून हसतेय. हे दिसू लागलं की तो असेल तिथे थांबायचा. काल असाच थांबला, तर बकरीने हातातली मोजपट्टी निम्मी चघळली.

शेजारचा प्रसेनजित कापसाची गाडी घेऊन मलकापूरला निघाला होता. येताना गाडी रिकामी, म्हणजे फटाके आणायला धोका नाही, हे नागसेनने आधीच ठरवून ठेवलेलं. त्याने शेतातूनच घरी फोन लावला.

"उशीखालची चिठ्ठी प्रसेनजितले देऊन दे. वाचू नको बरं!"

"मी काऊन वाचू?" धम्मशीला म्हणाली.

दुपार कलल्यावर प्रसेनजित पिशवी घेऊन शेतात आला. नागसेनने ती जपून, लांब हात करून उघडली. आत दहा टपोरी डाळिंबं, पावशेर लवंगी मिरची, चक्रीफुलांची पुडी आणि सुतळीची गुंडी.

"हे काय बे?"

"चिठ्ठीतलंच आणलं, काका. अनार, लवंगी, चक्री, सुतळी. मले वाटलं, काकू मसाला करून राह्यल्या."

"अबे, वर मोठ्या अक्षरात 'आतिशबाजीचं सामान' लिवलं होतं! त्याखाली फुलझडी, राकेट!"

"वर तं काहीच नव्हतं, काका."

पुन्हा मलकापूर गाठायला आता वेळ नव्हता. नागसेन वाळूच्या घमेल्याशेजारी बसून राहिला. त्याला रडू यायचंच बाकी होतं.

सांगितल्याप्रमाणे धम्मशीला नवी साडी नेसून आली. त्याने खालच्या मानेने पिशवी दाखवली. कमरेच्या बटव्यातून तिने कागदाची एक पट्टी काढून त्याच्या हातावर ठेवली. आतिशबाजीचं सामान. फुलझडी. राकेट.

"कात्री तू लावली?"

"हाव. बत्तीस वर्सं तुमी खांबावर अन् मी घरी जागी. तारेवर ठिणगी उडली की माहा जीव जाये. आता सुखरूप घरी आले, तं पुन्हा आगीपाशी काऊन जाता?"

खांबावर असताना रोज रात्री त्याला वाटायचं, ही घरी निवांत झोपली असेल. नागसेन उठला.

"रेघेच्या मागं बस," एवढंच म्हणाला.

ती खुर्चीवर बसली. त्याने विटेवर एक डाळिंब ठेवलं, तीन, दोन, एक म्हटलं आणि दोन्ही हातांनी दणका दिला. डाळिंब असं फुटलं, की मावळतीच्या उन्हात लाल दाणे चहूकडे उडाले. अर्धे त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर, एक थेट मिशीत.

धम्मशीला ओठांवर पदर धरून हसली. अगदी तशीच.

दहाही अनार उडवून झाल्यावर दोघं घरी निघाली. निघण्याआधी नागसेनने नियमाप्रमाणे सालींवर चारही बादल्या पाणी ओतलं, आणि पुरतं विझल्याची खात्री करून घेतली.