पंचांगातला हेर

पहाटे साडेपाचला देवीदासने फोनवरचं पंचांग उघडलं, तर पंचांगाने तिथी सांगायच्या आधी त्याला बायको दाखवली. हिरवी साडी, गळ्यात मोत्यांची माळ आणि खाली ठळक अक्षरं : 'पन्नाशीनंतर नवी सुरुवात! तुमच्या जवळपास चौदा स्थळं.' देवीदास त्रेसष्ट वर्षांचा होता. समोर अंगणात सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, ओला ढीग पडला होता. त्याच्या जुड्या बांधून सातच्या आत अकोल्याच्या बाजाराला निघायचं होतं. आणि शकुनला जाऊन पुरते पाच महिनेही झाले नव्हते.

फोन शकुनचाच होता आणि पंचांगही तिचंच. ते फुकट असल्यामुळे एकादशी विचारली की आधी काहीतरी विकायला काढायचं. शकुनला त्यात एक अक्षर लिहिता येत नव्हतं, ती फक्त बोलायची. जुड्या बांधता बांधता ती म्हणायची, "वाती कराचं मशीन निंघालं म्हनते," आणि दोन दिवसांत पंचांगात वातींचं मशीन हजर व्हायचं. गुडघ्याच्या पट्ट्याचंही तसंच, पुरणाच्या चाळणीचंही तसंच. "मेलं कान देऊन बसते," असं म्हणून ती फोनवर फडकं टाकून ठेवायची.

ती गेली, घरादाराने तेरवी जेवली, पण पंचांगाला कुणी कळवलं नव्हतं. ते रोज पहाटे शकुनसाठी गुडघ्याचा पट्टा घेऊन यायचं. सगळ्या जगात आता ते एकटंच तिच्या गुडघ्याची चौकशी करत होतं आणि देवीदासला ते बरं वाटायचं. आज मात्र त्यालाही बातमी लागलेली दिसत होती.

देवीदासचं खरं दुखणं वेगळंच होतं. त्याला शकुनचा चेहरा दिसायचा, हात दिसायचे, चालणं दिसायचं, पण आवाज दिवसेंदिवस विरत चालला होता. चाळीस वर्षं समोरासमोर बसून जुड्या बांधल्या. ती बोलली, त्याने ऐकलं. तिचा फोन त्याला कधी आला नाही, कारण तिची हाक विहिरीपर्यंत सहज पोचायची. मुलाच्या, योगेशच्या, लग्नाच्या व्हिडिओत ती चांगली दहा मिनिटं बोलताना दिसत होती, पण व्हिडिओवाल्याने त्यावर सनई चढवली होती. देवीदासने ती सनई तीनदा ऐकली आणि तिसऱ्यांदा तो गोठ्यात जाऊन रडला.

मग त्याच्या डोक्यात विचार आला. पंचांगाने शकुनचं बोलणं चोरून ऐकलं असेल, तर ते कुठंतरी ठेवलंही असेल. चोर माल फेकून थोडाच देतो? तेव्हा ते पंचांग हेर निघावं, पक्कं बदमाश निघावं, अशी देवीदासची मनापासून इच्छा होती. पण बायकोच्या आवाजासाठी जीव तुटतो हे या वयात सांगायचं कुणाला, म्हणून तो गप्प होता.

तेवढ्यात शेजारचे खुशालराव फाटकातून आत आले आणि त्यांनी खांद्यावरून फोनात डोकावलं.

"कावून बावा, दुसरं कराचं हाय का?"

"नाई हो. हे आपल्याच मनानं दाखवते. हे घरातलं ऐकते."

"ऐकते?" खुशालरावांनी फोन तोंडाजवळ धरला आणि शेताच्या त्या टोकाला माणूस असल्यासारखे ओरडले, "ट्रॅक्टर! ट्रॅक्टर पाह्यजे! जुना चालते!"

दोघं फोनकडे बघत बसले. थोड्या वेळाने पंचांगाने केस वाढवायचं तेल दाखवलं. खुशालरावांनी नकळत टकलावरून हात फिरवला.

"देवीदासभाऊ, याले कान नाईत," ते दबक्या आवाजात म्हणाले. "याले डोये हायेत!"

दुपारपर्यंत गावात दोन बातम्या पसरल्या. देवीदासकडचा फोन माणसं बघतो ही एक, आणि देवीदास दुसरं लग्न करतोय ही दुसरी. पहिलीवर कुणी विश्वास ठेवला नाही.

संध्याकाळी योगेश ताटावर बसला तोच धुमसत. "बाबा, मले पानठेल्यावर इचारून राह्यले, चौदाईतली कोनती पसंत केली म्हून. ते पंचांग आत्ताच्या आत्ता काढून टाकतो मी."

"हात नाई लावाचा!" देवीदास एवढ्या जोरात म्हणाला की पोराचा संशय उलट वाढला. "मले आदी त्याचा गुन्हा सिद्ध कराचा हाय. ते हेर हाय."

"हेर नाई, बाबा. फुकटचं ॲप हाय. जाहिरातीवर पोट भरते त्याचं. हेर येगया असते."

"घरातली बाई काय मांगते ते दुकानदाराले जाऊन सांगते, त्याले हेर नाई त काय सोयरा म्हनू?"

"अन् तुमी काय करता? जुडीवर फुकट कडीपत्ता देता, अन् कोन्या घरी वांगं बंद झालं, कोन्या घरी पाव्हने आले, सारं तुमाले मालूम असते. तुमी हेर का मंग?"

हे खरं होतं. एका डॉक्टरीणबाईंना दिवस गेल्याचं देवीदासने त्यांच्या नवऱ्याआधी, चिंचेवरून ओळखलं होतं.

"ओयखतो," तो शेवटी म्हणाला. "पन इकत नाई." मग तो भिंतीकडे बघत हळूच म्हणाला, "या घरात कोनंतरी शकुनचं बोलनं चोरून ऐकलं हाय अन् भरून ठेवलं हाय. मी ते काढल्याबिगर राहनार नाई."

चुलीपाशी मंजुषाच्या, म्हणजे सुनेच्या, हातून वरणाचा डाव खाली पडला. तिने तो उचलला आणि सासऱ्याच्या ताटात विनाकारण तिसऱ्यांदा वरण वाढलं. देवीदासला वाटलं, पोरगी बिचारी भूतबाधेला घाबरली.

त्यानंतरचे चार दिवस मंजुषा फार चांगली वागली. त्याला न मागता चहा, अंघोळीला कढत पाणी, चपलेचा तुटलेला अंगठा शिवलेला. योगेशने मात्र रविवारची मुदत दिली होती. रविवारी पंचांग जाणार म्हणजे जाणार. देवीदासने अकोल्याला तक्रार करायचं ठरवलं आणि चांगला दिवस त्याच पंचांगात पाहिला. पंचांगाने आपल्याच विरुद्धच्या तक्रारीसाठी शुक्रवार, सकाळी दहानंतरचा मुहूर्त दिला आणि सोबत एका वकिलाची जाहिरातही. देवीदासला त्याचा प्रामाणिकपणा खटकला.

सिमकार्ड मंजुषाच्या नावावर होतं, त्यामुळे तिला सोबत न्यावंच लागलं. बसमध्ये ती पूर्ण वेळ खिडकीबाहेर तुरीच्या वाळल्या खुंटांकडे बघत होती. एकदाच तिने विचारलं, "मामाजी, हेर सापडला त काय करतीन हो त्याले?"

"काय करतीन? आत टाकतीन."

मंजुषाने मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या त्या कार्यालयात गीतांजली मॅडम नावाच्या तरुण अधिकारी बसल्या होत्या. त्यांच्या पुढे लाखालाखांना बुडालेली माणसं रांगेत होती. देवीदासने नंबर आल्यावर टेबलावर फोन ठेवला आणि शेजारी, सवयीने, सांबाराची एक जुडी.

"काय घेतलं हो काका यानं तुमचं?"

"घेतलं नाई. दाखवते. तुमी याच्यावर हेर म्हून शिक्का मारा."

मॅडमनी फोन उलटसुलट पाहिला, आतल्या कुठल्या कुठल्या पानांत गेल्या. "काका, हे हेर नाही. जाहिरातवालं ॲप आहे. आगाऊ आहे, निर्लज्ज आहे, माणूस कशावर बोट ठेवतो ते लक्षात ठेवतं. आम्हालाही आवडत नाही. पण तुम्हीच 'मान्य आहे' म्हणून बटण दाबलेलं आहे."

"मंग गुडघ्याचा पट्टा कसा समजला त्याले? ती त लिवत नव्हती!"

"घरात दुसऱ्या कुणी शोधला असेल तिच्यासाठी."

"मी शोदला होता," मंजुषा पदराचं टोक पिळत म्हणाली. शकुनला ती आत्याबाई म्हणायची. "ह्याच फोनवर. वातीचं मशीन बी मीच पाह्यलं. आत्याबाई म्हनाल्या होत्या म्हून. अन् तेरवीची, वर्षश्राद्धाची तिथी बी मीच काढली त्याच्यात."

पंचांगाला बातमी कुणी दिली ते कळलं. पण देवीदास हटेना. "ऐकत त असनच ना ते?"

"नाही, काका. हे बघा, आवाज ऐकायची परवानगी त्याला कधी दिलेलीच नाही. पहिल्या दिवसापासून बंद. त्यानं तुमच्या घरातला एक शब्द ऐकलेला नाही." मॅडमना वाटलं, म्हातारा आता सुटकेचा श्वास टाकेल. "म्हणजे तुमचं नुकसान काहीच झालेलं नाही."

"एक बी शब्द नाई?" देवीदासने विचारलं.

"एकही नाही."

देवीदासचा चेहरा असा उतरला, की मागे बसलेल्या, तीन लाख गमावलेल्या गृहस्थांनी त्याला आपली खुर्ची दिली. "मले वाटलं होतं तिचं बोलनं असन त्याच्यात," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "माह्या बायकोचं. मले ते वापस पाह्यजे होतं, मॅडम. शिक्षा नोको होती त्याले." रांगेतलं कुणीच हसलं नाही. मॅडमनी काही वेळ टेबलावरचे कागद सारखे केले आणि मग, दुसरं काही देण्यासारखं नव्हतं म्हणून, लेखी पोच दिली : 'सदर फोन तपासला. हेरगिरी आढळली नाही.' खाली शिक्काही मारला. सांबार मात्र त्यांनी परत केला.

अकोल्याच्या बसस्टँडवर दोघं बाकावर बसली. देवीदासने कागदाची घडी करून खिशात घातली. शकुन आता पुरती गेली असं त्याला पहिल्यांदा वाटलं, तेरवीलाही वाटलं नव्हतं तसं. त्याने सांबाराची जुडी मांडीवर घेतली. ती सुटत आली होती.

"मामाजी," मंजुषा म्हणाली. "मले आत टाकतीन का हो?"

"तुले? कावून?"

"तो हेर मी हाय."

देवीदासला काही समजलं नाही. मंजुषाने पिशवीतून आपला फोन काढला. "आत्याबाईचं अन् माहं पटत नव्हतं ना सुरुवातीले. हे म्हनत, 'माय माही अशी बोलूच शकत नाई.' म्हून मी भरून ठेवत जाव त्यांचं बोलनं. पुरावा म्हून. फोन पोयपाटाच्या मांगं ठेवत होती. मंग आमचं पटाले लागलं, अन् ते तसंच राह्यलं. पुसाले हात नाई झाला. तुमी त्या दिवशी म्हनलं ना, चोरून भरून ठेवलं कोनंतरी, मले वाटलं तुमाले समजलं."

तिने बोटाने काहीतरी दाबलं आणि फोन त्याच्या कानाला लावला.

"अवं मंजुषा, दुधावर झाकन कावून नाई ठेवलं? मांजर काय तुह्या मायघरची हाय का? अन् त्या मानसाले सांग, जुडी कसून बांध म्हना. ढिली बांधते अन् बाजारात जाऊन सुटते. चाळीस वर्सं झाले, एक जुडी धड बांधता नाई येत याले..."

बसस्टँडवर कुठलीतरी गाडी लागल्याची घोषणा झाली, एक शेंगदाणेवाला ओरडत गेला. देवीदासने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो मान हलवत होता. "बांधतो ना," तो म्हणाला. "बांधतो आता कसून."

आवाज थांबला. "किती हायेत असे?" त्याने विचारलं.

"एकशे बारा."

"सारे भांडनाचेच?"

मंजुषाने मान खाली घातली. "सारेच."

"अन् माह्यावर?"

"अर्दे तुमच्यावरच हायेत, मामाजी."

देवीदासने नाक पुसलं. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली. मंजुषा हळूच म्हणाली, "यायले, तुमच्या पोराले, नका सांगू हो, मी असं करत होती म्हून."

देवीदासने खिशातून शिक्का मारलेला कागद काढला आणि तिच्या हातात दिला. "हे तुह्यापाशी ठेव. हेरगिरी आढळली नाई म्हनते. सरकारी कागद हाय." मग तो बाकावर जरा सरसावून बसला. "लाव दुसरं."

गावाकडची, तेल्हाऱ्याची, बस आली तेव्हा शकुन पापडाच्या पिठावरून बोलत होती, म्हणून दोघं पुढच्या बसपर्यंत थांबली.