टाच बाहेर!

टँकरच्या रांगेत आमच्या कॉलनीतले सगळे पुरुष कानाला मोबाइल लावून उभे असतात. खरात कानाला पेडल लावून उभे असतात.

सायकलचं पेडल. एका हातात त्याचा दांडा धरायचा, दुसऱ्या हाताने पेडल हळूच फिरवायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मी विचारलं, "काय ऐकताय?"

"बेअरिंग. मुरूम शिरला असंल तर आत कुणी फुटाणे चावल्यावानी वाजतं." आणि त्यांनी ते पेडल माझ्या कानाला लावलं. मला मागच्या शकिलाआपांच्या हंड्याचा आवाज तेवढा ऐकू आला.

ही दुष्काळाची वर्षं. गारखेड्यात आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही येईलच याची खात्री नाही. धरण आटत होतं आणि शहर फुगत होतं. कॉलनीमागच्या ज्वारीच्या शेतात प्लॉटिंगचे पांढरे दगड लागले होते. जिकडे जावं तिकडे रस्ता खोदलेला. मुरमाची धूळ डोळ्यांत, डाळीत, वाळत घातलेल्या कपड्यांत. अशा दिवसांत एक माणूस रोज पायरीवर बसून सायकल साफ करतो म्हटल्यावर लोक बोलणारच.

"खरातभाई," शकिलाआपा एकदा रांगेतूनच ओरडल्या, "यां पीने कू पानी नई, और तुम सैकल कू नहलारे?"

"पानी?" खरात दचकलेच. "आपा, घी की बरनी में पानी डालते क्या तुम? इसकू पानी लगा तो बीमार पडती."

ते खरं होतं. पाण्याचा थेंबही ते वापरत नसत. एक जुना टूथब्रश, एक चिंधी आणि शिलाई मशीनचं तेल, एवढाच त्यांचा सरंजाम. माती आधी कोरडीच झाडायची. मग पेडलच्या स्प्रिंगवर तेलाचा एक थेंब आणि लगेच पुसून घ्यायचं. "तेल दिसलं म्हणजे जास्त झालं," ते सांगत. "तेल दिसलं की धूळ बसायला येती." वॉशिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्याखाली सायकल धुणाऱ्यांशी ते बोलतच नसत. "त्यानं घाण निघत नाय. आत जाते."

वर्षातून दोनदा, चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ते पेडल पूर्ण खोलून नवं ग्रीस भरत. पांढऱ्या कपड्यांना इस्त्री आणि पेडलला ग्रीस, ही दोन्ही कामं एकाच दिवशी. पेडल दहा-बारा वर्षांचं होतं आणि फिरायचं लोण्यासारखं.

हे पेडल साधं नसतं, ते सांगायला हवं. बुटाच्या तळव्याला स्क्रूने एक छोटी लोखंडी पट्टी बसवतात. तिला क्लीट म्हणतात. ती पेडलमधल्या स्प्रिंगच्या जबड्यात खट्कन बसते आणि पाय पेडलला जोडला जातो. डोंगरातल्या खडबडीत वाटेवर तो निसटत नाही. सोडवायचा असेल तर टाच बाहेरच्या बाजूला वळवायची. वळवायला उशीर झाला तर सायकल थांबते आणि माणूस तिच्यासकट आडवा होतो. या प्रकाराला इंग्रजीत 'क्लिपलेस' म्हणतात. पाय अडकतो तरी क्लिपलेस कसं, असं मी खरातांना विचारलं. "ज्यानं नाव ठेवलं तो आपल्या कॉलनीत राहत नाय," ते म्हणाले आणि ब्रश चालवत राहिले.

खरात पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. पन्नाशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही, तळमजल्यावर एकटे. मी हिशेबी माणूस. नव्या पेडलची किंमत आणि या देखभालीत जाणारे तास समोरासमोर मांडून मी त्यांना एकदा दाखवलं की हा व्यवहार तोट्याचा आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर हाये. पण ते तास वाचवून मी ठेवू कुठं, कुलकर्णी साहेब?"

माझी मुलगी सायली तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजला सायकलने जायची. खरातांच्या पायरीवर ती कधी बसायला लागली आणि रविवारी त्यांच्याबरोबर सायकलवर कधी जायला लागली हे आमच्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं ते तिने तसलं पेडल मागितलं तेव्हा.

"पायात बेड्या घालून हायवेला जायचं?" बायको म्हणाली. "टँकर कसे चालवतात, बघता ना? आणि आपण परवानगी द्यायची?"

माझंही मत तेच होतं. पण खरात घरी आले. धुतलेला शर्ट घालून, सोफ्याच्या अगदी कडेला बसले, मागणी घालायला आल्यासारखे.

"ती पडणार नाय, वैनी. माझी जबाबदारी."

मी अट घातली. पाय अडकून ती एकदा जरी पडली, तर पेडल त्याच दिवशी निघणार आणि तुमच्याबरोबर रविवारचं जाणं कायमचं बंद.

"मंजूर," खरात म्हणाले. माझं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

पुढचे कित्येक आठवडे आम्ही एकच ओरडा ऐकला. सायली कंपाउंडची भिंत धरून सायकलवर बसलेली आणि खरात समोर. "टाच बाहेर! डोकं नको वापरू, टाच वापर! बाहेर!" बसवायचं कसं हे त्यांनी शेवटी शिकवलं, सोडवायचं आधी. त्यांना ते वाक्य इतकं जडलं की रिव्हर्स येणाऱ्या टँकरलाही ते "टाच बाहेर!" म्हणून इशारा करू लागले. स्वयंपाकघराच्या दारात मी उभा राहिलो की बायकोही तेच म्हणायची.

तिच्या बुटांची तपासणी दर शनिवारी व्हायची. स्क्रू घट्ट आहेत का, क्लीटची कड गोल झाली का. "झिजलेली क्लीट दारुड्यावानी असती पोरी. नको तिथं सोडती, अन् सोडायचं तिथं धरून बसती. पेडल पण खाऊन टाकती." क्लीट इथे मिळत नसत. पुण्याहून मागवाव्या लागत.

मग फुलंब्रीच्या रस्त्याचा रविवार आला. मी स्कूटर घेऊन मागे निघालो. बायकोने सांगितलं म्हणून निघालो असं मी म्हटलं, पण रात्री मलाच झोप लागली नव्हती.

रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं. डावीकडचा अर्धा रस्ता पुरुषभर उकरलेला, उरलेल्या पट्टीवरून दोन्हीकडची वाहनं. सायली पुढे, खरात तिच्या मागे, त्यांच्या मागे मी. खरात माझ्या मुलीपेक्षा कितीतरी जोरात जाऊ शकत होते, पण अंतर राखून मागे राहत होते. माझी नजर सायलीच्या पायांवर. तिचे पाय आणि सायकल एकजीव दिसत होती, ते मला बघवत नव्हतं.

समोरून ट्रॅक्टर येत होता. त्याच्या मागून एक टँकर बाहेर निघाला आणि सरळ आमच्या बाजूला आला. हॉर्न दाबलेलाच. डावीकडे खड्डा, त्याच्या काठाला मुरमाचा बारका वरंबा. सायलीने ब्रेक दाबले.

"टाच बाहेर! डावी! डावी!"

तिची डावी टाच वळली. खट् झालं ते मला हॉर्नमध्येही ऐकू आल्यासारखं वाटलं. पाय मुरमावर टेकला, ती उभी राहिली. तिच्या मागे खरातांनी ब्रेक दाबले. त्यांची टाच वळताना मी पाहिली. एकदा वळली. पुन्हा वळली. पाय सुटला नाही. ते सायकलसकट डावीकडे, खड्ड्याच्या अगदी तोंडाशी, हातावर आदळले. टँकर झाकणातून पाणी हिंदकळत निघून गेला.

मी स्कूटर टाकून धावलो. खरातांचा चेहरा राखेसारखा झाला होता. पाय अजून पेडलमध्येच.

"तिचा पाय सुटला का?"

"सुटला."

"एका झटक्यात?"

"एका झटक्यात. तुम्ही हलू नका." मी त्यांचा बूट धरून ओढला.

"ओढू नका हो! स्प्रिंग जाईल! टाच... टाच बाहेर वळवा."

मी दोन्ही हातांनी टाच वळवली, तेव्हा कुठे पाय सुटला. बुटाखालची क्लीट मी पाहिली. तिची कड नखासारखी पातळ झाली होती. मला ओळखू येत होतं, कारण दर शनिवारी कशी नसावी ते मी ऐकत आलो होतो.

सायली सायकलींजवळ थांबली आणि नंतर एका पिकअपमधून त्या घेऊन आली. मी खरातांना स्कूटरवर मागे बसवून शहरात आणलं. मनगट मोडलं होतं. प्लास्टर होईपर्यंत मी बाहेर बाकावर बसून एकच ठरवत होतो, की हे आता बंद. दुपारी त्यांना त्यांच्या घरी खुर्चीत बसवलं आणि विचारलंच.

"खरात, असली क्लीट घालून तुम्ही निघालात? तुम्ही?"

"पुण्याहून एकच जोड आली," ते म्हणाले. "ती पोरीच्या बुटाला लावली."

"मग दुसरी येईपर्यंत थांबायचं होतं."

"तिची परीक्षा सुरू व्हायची होती ना. मग महिनाभर रविवार नाय." ते खिडकीकडे बघत होते. "आता नाय पाठवणार ना तुम्ही तिला?"

मी औषधांची पुडी टेबलावर ठेवली.

"साहेब, अट तिच्या पडण्याची होती. माझ्या पडण्याची नव्हती."

मला हसू यायला हवं होतं. पण त्यांचा आवाज भांडणाऱ्या माणसाचा नव्हता.

"इतकी वर्षं एकटाच जायचो," ते म्हणाले. "एकट्यानं चालवली की माणूस नुसता रस्ता बघतो. कुणाच्या मागं राहून चालवण्यात लई मजा असती, हे मला आता कळलं. पन्नाशी उलटल्यावर."

बाहेर कुणाच्या तरी गच्चीवर रिकाम्या टाकीत टँकरचं पाणी पडत होतं.

"परीक्षा संपली की पहिल्या रविवारी येईल ती," मी म्हटलं. "तोवर तुमची जोड मागवा."

ते खुर्चीतच पुढे सरकले. वाकून एका हाताने बुटाची नाडी सोडवू लागले. गाठ घट्ट बसली होती, एका हाताने ती सुटणार नव्हती. मी त्यांच्या पायाशी खाली बसलो.

"राहू द्या, साहेब," ते पाय मागे घेत म्हणाले. दुसऱ्यांदाही म्हणाले, "राहू द्या हो." मी बूट धरून ठेवला. मग त्यांनी पाय पुढे केला आणि मान फिरवून भिंतीकडे बघत बसले.