वाळवीने वाळवलेली फळी

एका जंगलात, मुलांनो, झाडं कमी आणि खाती फार होती. तिथे तुळाजी नावाचं एक अस्वल सुतारकाम करायचं.

एकदा वादळात म्हातारा शिसव पडला. दोन थोराड फांद्या फुटतात तो बेचका तुळाजीने बरोबर मधोमध चिरला. आत काय, तर मोराचा पिसारा! लाकडातच उमटलेला. तुळाजीला रडू फुटलं. असली फळी सुताराच्या जन्मात एकदाच यायची.

सिंहमहाराज म्हणाले, "याचं आमचं सिंहासन कर. वाढदिवसाला बसू."

"महाराज, लाकूड ओलं आहे," तुळाजी म्हणाला. "बेचक्यातलं लाकूड भलतं हट्टी. दोन्हीकडून ओढ घेतं. घाई केली की तडकतं. टोकांना मेण चोपडून सावलीत ठेवतो. पुढच्या वर्षीच्या वाढदिवसाला बसा."

"मेण चोपडणार की चाटणार?" कोल्हा कारभारी हसला. "आणि वाळवायचं काम तुझं नव्हेच. ते वाळवीचं."

"अहो, वाळवी लाकूड खाते!"

"रातकिडा रात्री किरकिरतो. सुतार पक्षी लाकूड टोचतो. मग वाळवी काय करेल? वाळवेल! नावातच आहे की."

दरबाराने माना डोलावल्या. तुळाजीने हातापाया पडून पाहिलं. फळी वारुळाशी गेली.

वाळवीची राणी मोठी प्रामाणिक. ती म्हणाली, "काम अगदी आतपर्यंत करू."

कोल्हा अधूनमधून फळी तोलायचा. "वजन घटलं! म्हणजे पाणी उडालं!" पुढच्या खेपेला आणखी घटलं. दरबारात टाळ्या पडल्या. तुळाजीचं जेवणावरचं लक्ष उडालं. मधसुद्धा कडू लागायला लागला.

वाढदिवस आला. कोल्ह्याने फळीला पाय लावून सिंहासन करवून घेतलं. पिसारा वरून तसाच झळकत होता. एका सशाने सिंहासन एकट्याने उचलून आणलं. महाराज ऐटीत बसले, आणि भुस्सकन जमिनीवर आले. आयाळभर भुसा!

"हे काय?" महाराज गरजले.

कोल्हा डगमगला नाही. "फळी उत्तम वाळली आहे, महाराज. वजन आपलंच जास्त भरतंय."

महाराजांनी पोटाकडे पाहिलं. त्यांना पटलं. "मग आमचंही उतरवा. फळीचं ज्यांनी उतरवलं, त्यांच्याकडेच द्या!"

महाराज वाजतगाजत वारुळाकडे निघाले. तुळाजी भुशाच्या ढिगाशी बसून आधी पोटभर रडला. मग मिरवणूक पाहून त्याला हसू आवरेना. त्याने करवत खांद्यावर टाकली आणि पलीकडच्या जंगलाची वाट धरली. तिकडे वाळवीला उधई म्हणतात. तिच्याकडे लाकूड वाळवायला द्यावं, असं तिथे कुणाच्या डोक्यात येत नाही.

तात्पर्य: जाणकाराला काम देऊ नये, तो वेळ मागतो. नाव शोभेल त्याला द्यावे. वस्तू उरली नाही तरी प्रगती दिसत राहते.