खाण्याचं कार्ड पहिलं

उपाध्यक्षबाईंनी आयुष्यात एकही केक भाजला नव्हता, पण केक कसा भाजावा यावर त्या तासभर बोलू शकत. मंडळात सात वर्षं उपाध्यक्षपद सांभाळलेल्या माणसाला एवढं यायलाच हवं.

"आज बघाच," सकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मोठ्या बाई केंद्रात येतायत. माझ्या मुलांच्या हातचा केक खातील आणि तिथल्या तिथे मला अध्यक्ष करतील."

"तुझी मुलं?" नवऱ्याने पेपरातून मान वर केली नाही. "त्यातला एक माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे."

नवऱ्यांना समाजकार्यातलं काही कळत नाही, हे उपाध्यक्षबाईंचं जुनं मत होतं.

मोठ्या बाई म्हणजे मंडळाच्या संस्थापक, आणि केंद्र होतं विशेष गरजा असलेल्या मोठ्या माणसांचं. दर शनिवारी तिथे आठ जण मिळून केक करत. त्यात एक मापाडी होती. पीठ दोन ग्रॅम जास्त पडलं तरी ती चिमटीने काढून परत डब्यात टाकायची. पांढऱ्या मिशांचे घड्याळकाका भट्टीपाशी स्टूल टाकून बसत आणि वेळ भरल्याशिवाय दार कोणाला उघडू देत नसत. शिकवणाऱ्या ताईने दोरीवर नऊ चित्रांची कार्डं चिमट्यांनी ओळीत लावली होती. हात धुणे पहिलं, खाणे आठवं, भांडी घासणे नववं. एक काम झालं की ते कार्ड उलटं करायचं, मगच पुढचं. दोन वर्षांत एकही केक करपला नव्हता. उपाध्यक्षबाईंना हे कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. ऐकायला त्यांना सवड नव्हती.

त्या आल्या त्याच बेकरीतून आणलेला केक घेऊन. टेबलावर झाकणाखाली ठेवला.

"हा कशाला, बाई?" ताई म्हणाली. "आमचा होईल की वेळेत."

"यांच्याच्यानं कसलं होतंय? हाच आपला म्हणून पुढे करू. कोणाला कळतंय!"

ताईचा चेहरा पडला. पण खाली मोठ्या बाईंची गाडी आली होती, त्यांना हात धरून जिना चढवायचा होता, म्हणून ती गेली.

आयत्या पिठावर रेघोट्या मारायची हौस माणसाला स्वस्थ बसू देत नाही. उपाध्यक्षबाईंची नजर कार्डांवर गेली. साबणाचं मळकट चित्र पहिलं! फोटोत हेच येणार? त्यांनी गुलाबी रंगाचं खाण्याचं कार्ड पहिलं लावलं, शेजारी लालभडक भट्टी, मग उरलेली रंग बघून. हात धुण्याचं गेलं सगळ्यात शेवटी, वरातीमागून घोडे तसं.

"बाई, असं नसतं," घड्याळकाका म्हणाले.

"मला कळतं हं, बाळा. कार्डं बघायची आणि सुरू करायचं."

बाळाने मिशीवरून हात फिरवला. "नक्की?"

"मी सांगते ना!" म्हणत उपाध्यक्षबाई बाहेरच्या आरशासमोर आभाराचं भाषण घोकायला गेल्या.

त्या मोठ्या बाईंना घेऊन आत आल्या तेव्हा झाकण बाजूला होतं आणि ताटात चार कण उरले होते. खाण्याचं कार्ड नीट उलटं केलेलं होतं.

"हे काय केलंत?" उपाध्यक्षबाईंचा आवाज फाटला.

"पहिलं कार्ड," घड्याळकाका म्हणाले. ते भट्टीपाशी बसले होते. "आता दुसरं चालू आहे."

उपाध्यक्षबाईंनी काचेतून पाहिलं. आत रिकामा साचा तापत होता. त्यांनी दाराला हात घातला.

"अजून एकोणचाळीस मिनिटं," घड्याळकाकांनी त्यांचा हात बाजूला केला.

"अहो, आत काही नाहीये!"

"मी आधीच म्हटलं होतं, असं नसतं."

मोठ्या बाईंनी खुर्ची ओढली. "केक कसा झाला होता?"

"आमचा नाही तो," मापाडी म्हणाली. "आम्ही अजून केलाच नाही. हा फार गोड होता. आम्ही एवढी साखर घालत नाही."

उपाध्यक्षबाईंचे कान भट्टीइतके तापले. त्या इतका वेळ 'माझी मुलं, माझी मुलं' करत होत्या, आणि त्या मुलांतल्या एकालाही बाईंसाठी खोटं बोलावंसं वाटलं नाही.

"कार्डं कोणी हलवली?" मोठ्या बाईंनी विचारलं. आठ बोटं एकाच दिशेला वळली.

ताईने कार्डं पूर्ववत लावली. मोठ्या बाईंनी बाह्या सावरून सगळ्यांबरोबर हात धुतले आणि पीठ चाळायला बसल्या. मापाडीने त्यांनाही दोनदा परत चाळायला लावलं. केक असा फुगला की घड्याळकाका स्टुलावरून उठून उभे राहिले. सगळ्यांनी मिळून तो खाल्ला. उपाध्यक्षबाई मात्र खुर्ची सरकवत मोठ्या बाईंच्या शेजारी गेल्या.

"मग अध्यक्षपदाचं...?" शेवटी त्यांनी हळूच विचारलंच.

मोठ्या बाईंनी दोरीकडे पाहिलं. एकच कार्ड सुलटं राहिलं होतं, नववं. घड्याळकाकांनी ते काढून उपाध्यक्षबाईंच्या हातात दिलं.

"आधी हे उलटं होऊ दे," मोठ्या बाई म्हणाल्या.

संध्याकाळी नवऱ्याने दार उघडलं. "झालीस का अध्यक्ष?"

उपाध्यक्षबाईंनी सुरकुतलेली बोटं पदराला पुसली. "अजून नाही. घड्याळकाका म्हणतात, साच्याच्या कोपऱ्यात चिकटलंय. पुढच्या शनिवारी परत बोलावलंय."